मावशींना विचारा

माझं वय त्रेपन्न, डोक्यावरचे केस मोजण्याइतके, आवाज घोगरा, आणि गेली तीन वर्षं मी मावशी आहे. आमच्या साप्ताहिकाच्या घरगुती पुरवणीत 'मावशींना विचारा' नावाचं सदर येतं. कपड्यांवरचे हट्टी डाग कसे काढायचे ते त्यात सांगतात. सदरावर अंबाडा घातलेल्या, चष्मा लावलेल्या एका प्रेमळ बाईचं चित्र असतं. ती बाई कोण, मला माहीत नाही. मजकूर माझा असतो.

मी मूळचा अग्रलेख लिहिणारा माणूस. एकदा संपादकांनी आत बोलावलं आणि म्हणाले, "तुमचे अग्रलेख कुणी वाचत नाही."

मी बाणेदारपणे म्हणालो, "तुम्ही तर वाचता ना?"

"मी मथळा वाचतो," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मावशींचं सदर लिहिणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. अग्रलेख एका तरुण पोराकडे गेले. तो बरे लिहितो, हे मी मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात म्हणतो.

हे घरी सांगायची माझी छाती झाली नाही. बायको चारचौघांत "आमचे हे अग्रलेख लिहितात" असं सांगायची, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मला हवं होतं. म्हणून दर शनिवारी मी ऑफिसात पुरवणी काढून टेबलाच्या खणात कोंबायचो आणि उरलेला अंक घरी न्यायचो. ती अग्रलेख मन लावून वाचायची. "या वेळी चांगला उतरलाय हं," म्हणायची. मी मान खाली घालून नम्रपणे हसायचो. इतका निर्लज्जपणा अंगात असेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की मावशींना डागांचं कुठून कळायचं? मला कपडे धुण्यातलं एवढंच ठाऊक होतं, की मळलेला शर्ट टोपलीत टाकला की तीन दिवसांनी तो इस्त्री होऊन कपाटात सापडतो. पण माझी बायको एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात मुकादम आहे. बावीस बायका तिच्या हाताखाली, सहा मशिनं, आणि दिवसाला चादरींचे डोंगर. रक्त, औषधं, मलमं, शाई, चहा, सगळं तिच्या टेबलावर येतं आणि पांढरं होऊन जातं.

मग मी जेवताना विचारायला लागलो. "आज काय काय आलं गं?" लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती, आणि तोवर मी तिला कामाबद्दल "दमलीस का?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायलाही थांबलो नव्हतो. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ताप आहे का ते बघायला कपाळाला हात लावते की काय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने थोडं सांगितलं. आठवड्याभरात ती हातवारे करून सांगायला लागली. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, डाग शिजतो आणि कायमचा बसतो. तीन नंबरचं मशीन पिळताना उड्या मारत दारापर्यंत जातं, त्याला परत जागेवर ढकलायला दोघी लागतात. कुठली नर्स खिशात पेन विसरते, कोण कुणावर रुसलंय, बॉयलर कधी शिट्टी देतो. मी ऐकायचो, मग हात धुवायच्या निमित्ताने उठायचो आणि बसच्या तिकिटाच्या पाठीवर कामाचं तेवढं टिपून घ्यायचो. पुढे पुढे तिचे विनोदही उचलायला लागलो. तीन नंबरचं मशीन मावशींच्या सदरात फार गाजलं.

एकदा ती बहिणीशी फोनवर बोलत होती, ते मला ऐकू आलं. "अगं, हल्ली हे रोज विचारतात. सगळं ऐकून घेतात. एवढ्या वर्षांनी माणूस बदलतो बघ." मला खरोखर लाज वाटली. म्हटलं, आजच सांगून टाकू. ती फोन ठेवून आली, आणि मी विचारलं, "बॉलपेनच्या शाईचं काय करता तुम्ही?"

तर असं चाललं होतं. मग तिच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि बायको आठ दिवस तिकडे गेली. नेमक्या त्याच आठवड्यात एक पत्र आलं. लिहिणारा एक वेटर. आई गेल्यापासून एकटा राहतो, कपडे स्वतः धुतो, आणि मावशींचं प्रत्येक सदर कापून वहीत चिकटवतो. त्याला एका मोठ्या हॉटेलात हेड वेटरची जागा मिळाली होती. हॉटेलने पांढरा कोट दिला, तो त्याने धुऊन ओलाच लोखंडी हँगरवर टांगला, आणि दोन्ही खांद्यांवर तांबूस डाग उमटले. रविवारी सकाळी मॅनेजर कोट तपासणार होता. तिथे डाग दिसला की माणूस दारातूनच परत जातो, असं त्याने लिहिलं होतं.

बायकोला फोन करून विचारता आलं असतं. पण ती दवाखान्यात बहिणीच्या उशाशी, आणि मी फोन करून गंजाचं विचारणार म्हणजे संशय यायचा. शिवाय, खरं सांगायचं तर, तीन वर्षांत मला स्वतःलाच मावशी झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. लोक माझा सल्ला वहीत चिकटवतात म्हटल्यावर अक्कल आपोआप आली असणार. मी ऐटीत लिहिलं, "पांढऱ्यावर काहीही असो, ब्लीच! गरम पाण्यात तासभर भिजवा आणि निर्धास्त राहा." शेवटी उद्गारचिन्ह दिलं. सदर बुधवारी छापायला गेलं, पण वेटर अडचणीत आहे म्हणून तेच उत्तर त्याला त्याच दिवशी पत्रानेही पाठवलं. एवढी तत्परता मी अग्रलेखात कधी दाखवली नव्हती.

शनिवारी सकाळी शिपाई माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या मागे एक सडपातळ, नीट भांग पाडलेला माणूस, हातात कापडी पिशवी. "मावशींना भेटायचंय म्हणतात," शिपाई म्हणाला आणि तोंडावर हात धरून निघून गेला.

"मी त्यांचा भाचा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याने कोट काढून टेबलावर पसरला. खांद्यांवरचे डाग तांबूस राहिले नव्हते. गडद तपकिरी झाले होते आणि कडेने पिवळे पसरले होते.

"माझंच काहीतरी चुकलं असणार साहेब," तो म्हणाला. "पाणी जास्त गरम झालं की काय. मावशींचं कधी चुकत नाही. त्यांनी एकदा नजर टाकली तर बरं होईल. उद्या सकाळी आठला जायचंय. ही जागा गेली तर परत मला कोण हेड वेटर करतंय? चौदा वर्षं ताटं उचलली तेव्हा कुठे मिळाली."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "कोट ठेवून जा. संध्याकाळी पाचला घरी या." आणि घाबरलेल्या माणसाने करू नये ती गोष्ट केली. त्याला माझा खरा पत्ता दिला.

बायको आदल्याच दिवशी परतली होती आणि सकाळपाळीला गेली होती. दोनला येणार. तोवर आपणच निस्तरू म्हणून मी कोट घेऊन घर गाठलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि न्हाणीघरात बसलो. आधी साबण, मग ब्रश, मग पुन्हा ब्लीच, कारण पहिल्यांदा कमी पडलं असेल. डाग आणखी खुलला. मला कुठेतरी अंधूक आठवलं, की गंजाला लिंबू लागतं. मी बादलीवर लिंबू धरलं तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो! ठेवा ते लिंबू खाली!"

तिने येऊन खिडकी उघडली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. "बादलीत ब्लीच आहे ना? त्यात लिंबू पिळलं तर विषारी वायू सुटतो. घुसमटून पडला असतात इथे." मग कोट उचलून पाहिला. "हा गंज आहे. गंजाला ब्लीच कुठल्या गाढवाने लावलं?"

"असेल कुणीतरी," गाढव म्हणालं. "ऑफिसातल्या ओळखीच्याचा आहे. उद्या सकाळी हवाय त्याला."

तिने पुढे काही विचारलं नाही. जेवण न करता, पदर खोचून कामाला लागली म्हणावं तर पदरही नव्हता, धुलाईघराचा निळा अंगरखाच होता अंगावर. कोट चार पाण्यांतून काढला, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग बाल्कनीत उन्हात पसरून डागांवर लिंबू आणि मीठ. वाळलं की पुन्हा लिंबू. मधेच किटलीच्या वाफेवर खांदा ताणून धरायचा, पुन्हा ऊन. तीनदा, चारदा. मला तिने किटली धरायला दिली होती. लग्नानंतर मी तिला काम करताना पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणजे नुसतं ऐकत नव्हतो. तिची बोटं कापडाला कुठे दाबायचं आणि कुठे नुसतं टेकायचं ते न बघता करत होती. पावणेपाचला डावा खांदा लख्ख झाला. दुसऱ्यावर पुसटशी सावली राहिली, ती मॅनेजर भिंग घेऊन आला तरच दिसली असती.

मला घाई झाली होती. "तू इस्त्री कर, मी खाली जाऊन त्याला थांबवतो," म्हणून निघालो, तर तो दहा मिनिटं आधीच दारात उभा. माझ्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. बायको इस्त्री करत होती. त्याने कोट पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला.

"मावशी?" तो म्हणाला.

मी दार अडवायला हात पुढे केला.

"मावशी, मी तो गंजवाला. तुमचं पत्र मिळालं होतं, मीच काहीतरी घोळ घातला." तो आत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याला थांबता येत नव्हतं. "तीन वर्षं तुमचं सगळं वाचतोय. रक्ताचा डाग शिजतो, हे तुमचंच. ते तीन नंबरचं मशीन उड्या मारत दारापर्यंत जातं ते वाचून मी एकटाच खोलीत हसलो होतो. ती पेन विसरणारी नर्स, ती बॉयलरची शिट्टी. आई गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं. दर शनिवारी वाटायचं, कुणीतरी आपल्याशी बोलतंय."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख शोधायला लागलो.

"हो," ती त्याला म्हणाली. "मीच मावशी. आणि चूक तुमची नव्हती. ते उत्तर चुकीचं होतं. यापुढे लोखंडाच्या हँगरवर ओलं काही टांगायचं नाही." कोटाची घडी घालून तिने तो त्याच्या हातात दिला. "उद्या व्यवस्थित जा. डावा खांदा मॅनेजरच्या बाजूला ठेवा."

तो गेला. त्याचं काम झालं, हे पुढच्या आठवड्यात पत्राने कळलं. त्या संध्याकाळी मात्र मी दार लावून तिथेच उभा राहिलो.

"अग्रलेख कोण लिहितं मग?" तिने विचारलं.

"एक तरुण पोरगा आहे."

"चांगला लिहितो."

"मी सांगणारच होतो तुला. मला लाज वाटत होती. मावशी झालो हे कसं सांगणार?"

"त्याचं काही नाही," ती म्हणाली. ती चिडली असती तर मी काहीतरी बोललो असतो, चिडलेल्या माणसाशी बोलता येतं. "शाईचं विचारलंत ना, त्या रात्री मी दोन पाळ्या करून आले होते. डोळे उघडे राहत नव्हते. तरी सांगितलं सगळं. म्हटलं, एवढं विचारतायत, तर नको कशाला म्हणायचं."

मी आयुष्यात बरेच मूर्खपणे केलेत आणि बहुतेकांवर मला नंतर हसता आलंय. यावर अजून येत नाही. तिला रोज कुणीतरी विचारत होतं आणि ते मी होतो, एवढं साधं सुख होतं तिचं, ते मी छापून टाकलं होतं.

मी संपादकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, बाईंचं नाव घालू, मानधन त्यांना देऊ. तिने नाव नको म्हटलं, पण मजकूर द्यायला तयार झाली. "लोकांचे कपडे खराब व्हायला नकोत," एवढंच म्हणाली.

आता दर मंगळवारी जेवणं आटोपली की ती खुर्ची ओढून समोर बसते आणि मी पत्रं वाचतो. ती सांगते, मी लिहितो. दोन चमचे, अर्धा तास, गार पाणी, आधी आतल्या शिवणीवर करून बघा. एक शब्द जास्त नाही. सदर पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगलं निघतं. पत्रं दुप्पट झालीत.

काल पाच उत्तरं झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "बाकी काय आज? कामावर काय झालं?"

"बाकी काही नाही," ती म्हणाली. "पाचही झाली ना? एकदा वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. एकही चूक नव्हती.