कांपुटरची उत्तरपूजा

"नववीत शाळा सोडलीस आन् मला शानपण शिकवतोस व्हय रं?"

बाळासोकाका माझ्यावर वरडले. ते आमच्या गल्लीतल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. हातात नायलॉनची दोरी, समोर संस्थेचा जुना कांपुटर. त्यो बांधून पंचगंगेत सोडायचा म्हणत होते.

"काका, नदी म्हंजे काय भंगाराचं गोडावन हाय व्हय?"

"भंगार म्हणू नगंस! अकरा वर्सं खंडेनवमीला पुजलाय त्येला. पुजलेली वस्तू पाण्यातच सोडायची असती."

पुजलाय ते दिसतच होतं की. फ्लॉपीच्या फटीत कुंकू, किबोर्डात तांदूळ. संस्थेतली वर्षाराणीताई तोंडाला वढणी लावून हसत होती.

माझं डोस्कं सरकलं. जुनं कांपुटर न्यायला पुण्याच्या कारखान्याचा ट्रक सहा महिन्यातनं एकदा शिरोली नाक्यावर येतो. त्या कारखान्यात काच, तांबं, पत्रा, सगळं नीट येगळं करत्यात. सात मशनी आणतो म्हणून मी शब्द दिल्ता. सहा टेंपोत चढल्या, ही सातवी. पहिल्याच खेपंला कमी पडली तर ट्रकवाला मला परत उभा करणार न्हाय. मग हायच पिराजी भंगारवाल्याच्या अड्ड्यावर तांब्यासाठी वायरी जाळणं. त्यो धूर मी दोन वर्सं खाल्लाय.

"काका, त्या मॉनिटरच्या काचंत शिसं अस्तंय. खालची गावं त्येच पाणी पित्यात. तुमची सासुरवाडी कुठली?"

"शिरोळ."

"मग? सासूला पाजणार व्हय?"

काका जरा इचारात पडले. "सासूला काय हुतंय? दगडागत हाय."

वर्षाराणीताई हसून खुर्चीतच वाकडी झाली.

मी म्हणलं, "बरं, गणपतीला काय करतासा? उत्तरपूजा करून मूर्ती जरा हलवली की देव गेला. हितंबी आधी देव घालवा की. मग राहील ते नुसतं पलास्टिक."

"कुठं शिकलास रं ह्ये?"

"तालमीच्या गणपतीत. शाळंत न्हाय."

काकांनी हात धुतले. अक्षता टाकल्या, डोळं मिटलं, आन् दोन्ही हातांनी मॉनिटर चार बोटं सरकवला.

"गेला का?" मलाच इचारलं.

"गेला."

"नक्की?"

"काका, प्लग काढून म्हैना झालाय."

तरी समाधान न्हाय. कांपुटरच्या आतल्या चकतीत अकराशे सभासदांची नावं, पत्तं हायत, ती आपल्या डोळ्यांदेखत फुटली पायजे, असं काका म्हणले. तसं त्यांचं बरोबर हाय. मी म्हणलं, ट्रकवाल्याकडनं तसं लिवून घेऊ. काकांचं न्हाय! सोता ट्रकबरोबर पुण्याला जाणार. पिशवीत चटणी-भाकरी, गळ्यात मफलर, आन् मॉनिटर मांडीवर. मागं बाकीच्या मशनीत ठेवाय देईना झाल्यात.

टेंपोवाला जोतीराम हॉर्नवर हॉर्न मारतोय. काका आतनं वरडाय लागल्यात, खड्ड्यातनं सावकाश घे म्हणून. ट्रक पाचला सुटतो आन् पावणेपाच झालं. निघतो मी.