गमबूटवाले वर

ढग गडगडले की आमच्या साइटवर एकच नियम: चपलावाले खाली, गमबूटवाले वर. का, तर स्लॅब अर्धवट सोडला की काँक्रीटला कच्चा सांधा राहतो. माणूस राहिला नाही तरी चालेल! नियम मुकादमाचा, पण नाव पुढे माझं. "आपला वायरमनच म्हणतो, रबर घातलं की करंट लागत नाही." अरे शहाण्या, ते मी ओल्यात चालणाऱ्या मिक्सर मशीनबद्दल म्हणालो होतो!

त्या दुपारी मी तळमजल्यावर बोर्ड बसवत होतो. आभाळ कडाडलं तशा चपलावाल्या बायका उतरल्या. त्यांत माझी धाकटी बहीण दिसेना.

"तिला आज सकाळीच बूट मिळाले," एकीने सांगितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाच मजले धावत चढलो. धाकटी घमेलं घेऊन उभी, आजूबाजूला छातीएवढ्या लोखंडी सळया, पायात नवेकोरे बूट. सोबत आणखी चौघी.

"खाली चल!"

"कशाला? बूट आहेत की. तूच तर सांगतोस..."

"आग लागो माझ्या सांगण्याला! एवढं आभाळ फाडून येणारी वीज बोटभर रबराला भीक घालते होय?"

मुकादम आडवा आला. "उगाच घाबरवू नकोस त्यांना. दहाच घमेली राहिलीत."

"तू टाक ती दहा! ऐका गं सगळ्या, बूट विजेपासून वाचवत नाहीत. व्हा खाली!"

धाकटीला मनगट धरून ओढलं. चौघीही घमेली टाकून पळाल्या. मागून शिव्या हासडत मुकादम उतरला.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि वर वीज पडली. इमारत हादरली, कानांत दडे बसले. मी मुकादमावर तोंड सोडलं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"दादा," धाकटीने मला मध्येच तोडलं. "या चौघी वर्षभर वर थांबतात. बूट वाचवत नाहीत, हे तुला आजच कळलं?"

कसलं आजच! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साइटवर माझा शब्द चालतो याची मिजास होती मला. आणि वर माझं कोणी नव्हतं.

चौघी माझ्याकडे बघत होत्या. मुकादमाकडे एकही नाही.