फळ्यावर लिहिलेला निरोप

साहित्यशास्त्राच्या सरांना पहिल्या तासाची एक जुनी खोड होती. कुठलाही साधा मजकूर घ्यायचा, अगदी औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा, त्याच्या ओळी पाडून फळ्यावर लिहायच्या आणि विचारायचं, "बोला, ही कविता आहे की नाही?" पोरं हमखास फसत. मग सर मिशीत हसत सांगत, साहित्य मजकुरात नसतं, आपल्या वाचण्यात असतं.

यंदा त्यांनी काय लिहावं? सख्ख्या बहिणीचा निरोप! गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या बहिणीने गेल्या आठवड्यात फोनवर पाठवलेला.

बाबा आज जेवले नाहीत.
दाराकडे तोंड करून बसलेत.
खुर्ची हलवू देत नाहीत.
तू येतोस का?

निरोप आला तेव्हा सरांच्या मनात आलं होतं, वा, काय लय आहे! त्या लयीच्या नादात उत्तर द्यायचं राहूनच गेलं. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

वर्ग रंगला. एक म्हणाला, दार म्हणजे मृत्यू. दुसरी म्हणाली, खुर्ची म्हणजे सत्ता. सरांना चेव चढला. शेवटच्या ओळीखाली रेघ ओढून ते म्हणाले, "हा प्रश्न उत्तर मागतच नाही. म्हणून तर तो साहित्य होतो."

"मागतो की."

मागच्या बाकापाशी त्यांची भाची उभी होती. यंदाच वर्गात आलेली, नातं कुणाला कळू नये म्हणून मुद्दाम मागे बसलेली.

"आई रोज फोन बघते, मामा. आजोबा विचारतात, काय म्हणाला? आई सांगते, कामात असेल."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळ्याकडे बघवेना, पोरांकडेही बघवेना. डस्टर समोर असताना त्यांनी तळहातानेच फळा पुसला आणि बाहेर पडले. मागोमाग भाचीही आली.

व्हरांड्यातून त्यांनी बहिणीला फोन लावला. "निघालोय गं," एवढंच कसंबसं म्हणाले.

"खरंच?" तिचा आवाज एकदम फुलला. "बाबा, येतोय हो तो! पण काय रे, आज अचानक कसा?"

सरांनी फोन कानापासून दूर धरला. भाचीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"अगं आई, मामाने तुझा निरोप आत्ताच वाचला," ती म्हणाली. मामाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.