एकचाकीला मीटर

"हँडलच नाही, मग हा डबा लावायचा कुठं? तुझ्या कपाळावर?" मी विचारलं.

दिरानं मान वर केली नाही. "सीटच्या मुठीला, वहिनी. तू फक्त चाक धर."

चाक कसलं, माझ्या कमरेच्या वर येणारं धूड! एकच चाक, त्यावर सीट. आमचा हा पंप मेकॅनिक इतकी वर्षं त्यावर बसून रस्त्यानं जातो नि लोक फिदीफिदी हसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत होता. वाढवलाय मी त्याला. हसायचा हक्क माझा, लोकांचा नव्हे.

उद्या त्याचा गुडघा बदलणार होते. एकचाकी कायमची बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तेव्हापासून याला एकच ध्यास, आपण किती वेगानं जातो ते एकदा कळू दे. म्हणून हा सायकलचा मीटर. चाकाच्या तारेला चुंबक, शेजारच्या दांडीला सेन्सर. दोघांमधलं अंतर जास्त पडलं, म्हणून सेन्सरखाली पंपातल्या रबराचा तुकडा. चाक फिरवलं, आकडा उमटला. तो पुसून मीटर पुन्हा शून्यावर आणला.

"जाताना खाली बघू नकोस, तोंडावर आपटशील."

"नाही बघत. सगळ्यात जास्त वेग मीटर लक्षात ठेवतो. आल्यावर तू वाच."

गेला. मी फाटकाशी. दूध उतू जाईल म्हणून आत धावले, तर गॅसच पेटवला नव्हता. पुन्हा बाहेर. कुठं हॉर्न वाजला की फाटकाबाहेर मान काढायची.

एकदाचा वळणावर दिसला. उतरताना कळवळला. "किती?"

खोटी शाबासकी मी जन्मात कुणाला दिली नाही. "शून्य."

त्याचा चेहरा उतरला. मी वाकून बघितलं. सेन्सर भलतीकडेच तोंड करून बसलेला, रबर बुळबुळीत.

"मेल्या, ग्रीस लावलंस याला?"

"सवयीनं गं..."

"सवयीनं! यातून पाणी चढवायचं होतं?"

तो हसला, पण पायरीवर बसला. "राहू दे वहिनी. गुडघा फार ठणकतोय."

"उद्या नवा मिळणार आहे ना? मग जुना कशाला जपतोस?" मी बाहीनं रबर पुसलं, सेन्सर सरळ केला, पट्टी करकचून आवळली. "ऊठ."

एरवी तो कोपऱ्यावरच्या खांबाला धरून चढायचा. आता तिथवर चालवेना.

"माझा खांदा धर."

त्याचं सगळं ओझं माझ्यावर आलं. मी हलले नाही. मग खांदा एकदम हलका झाला, चाकाचा आवाज लांब लांब गेला, आणि मी तशीच उभी राहिले, खांदा पुढे करून.