एकतीस डिसेंबरपर्यंत

नुसता जेवायला आलेला माणूस पाटाकडे बघतो; काम काढायला आलेला भाजीचं कौतुक करतो. राजसनं चपला काढता काढता वांग्याच्या वासाची तारीफ केली आणि स्नेहलनं मनातल्या मनात ती त्याच्या नावे लिहून ठेवली.

स्नेहल मूळची नागपूरची, आता सातासमुद्रापार सेंगकांगची. मोटरसायकल रेसिंगच्या एका संघात ती डेटा इंजिनिअर होती. वळणावर गाडी काय करते हे सेन्सर सांगतात. का करते हे ती सांगायची. आणि राजस, इचलकरंजीचा पोरगा, तिच्या सांगण्यावर डोळे मिटून वळणात शिरायचा. हंगाम संपला तसा त्याला मोठ्या संघानं उचललं. या धंद्यात एक रीत आहे. नवरीबरोबर पाठराखीण जावी तशी रेसरबरोबर त्याची विश्वासाची माणसं नव्या संघात जातात. राजस आपल्याला नेणार का, एवढंच स्नेहलला हवं होतं. तिथल्याच पाया लेबार भागातल्या एका बॅटरी कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं होतं, आणि तिथं उद्या हो की नाही कळवायचं होतं.

पण राजसच्या तोंडाला कुलूप. जुन्या संघाशी करार एकतीस डिसेंबरपर्यंतचा. नवी गाडी तो चालवून आला होता, तीही एकही जाहिरात नसलेल्या काळ्या सूटमध्ये. पण तिच्याबद्दल, त्या संघाबद्दल, तिथल्या माणसांबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

"मग, काळा सूट शोभला का?" स्नेहलच्या नवऱ्यानं, प्रफुल्लनं, वाढता वाढता विचारलं.

"दाजी, वांगं झकास झालंय."

"म्हणजे नाही शोभला."

"रस्सा तर लईच भारी."

"अरे, आम्ही वांग्याला विचारायचं का मग?"

जेवण झाल्यावर स्नेहल त्याला पोचवायला निघाली. एलआरटीत, म्हणजे तिथल्या छोट्या लोकलमध्ये, दोघं अगदी पुढच्या काचेपाशी उभे राहिले. या गाडीला चालक नसतो. रबरी चाकांवर ती इमारतींच्या मधून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या उंचीवरून, तरंगत गोल फिरते आणि निघाली तिथंच परत येते. दुपार उतरत होती. कुणाचा तरी पिवळा टॉवेल काचेजवळून गेला, एक आजोबा कुंडीला पाणी घालताना दिसले आणि विरघळले. राजसचं उतरायचं स्टेशन आलं. राजस उतरला नाही. स्नेहलही नाही.

पहिलं वळण आलं तसा तो झुकला. मुद्दाम नव्हे, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. स्नेहल काचेतल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे बघत राहिली. तिला इमारती दिसेनात. काळा सूट दिसला, गरम डांबर दिसलं, आणि आवाज नसलेली एक मोटरसायकल. राजस उशिरा झुकत होता. वळणात शिरताना खांदा आखडत होता. बाहेर पडताना उजवं मनगट, ॲक्सिलरेटर पिळावा तसं, एकदा वळायचं, थांबायचं, मग पुन्हा वळायचं.

"पुढच्या चाकावर भरवसा नाही तुझा," ती काचेला म्हणाली.

राजस बाहेरच बघत होता; पण कान लाल झाले.

तिला सगळं कळलं. त्या गाडीची दुखणी दोन, आणि दोन्हींवरची औषधं तिच्या जिभेच्या टोकावर. कशासाठी वांग्याचं कौतुक झालं होतं, तेही कळलं. वैद्याला घरी न्यायचं ठरलं नव्हतं, पण नाडी मात्र दाखवून घ्यायची होती!

"राजस, तिकडे तुझ्याबरोबर मी आहे का?"

"ताई, मला बोलायला बंदी आहे. खरंच."

"बोलू नकोस. पुढचं वळण येतंय. असेन तर झुक. नसेन तर सरळ उभा राहा."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. नुसतं झुकायचं होतं. झुकला असता तर दोन्ही औषधं इथंच, या डब्यात, फुकट मिळाली असती, आणि एकतीस डिसेंबरनंतर 'संघानं ऐकलं नाही' म्हणायला तो मोकळा होता. स्नेहलनंही हा हिशेब केला होता.

वळण आलं. सगळा डबा किंचित कलला. राजसनं खांब घट्ट धरला, गुडघे ताणले, आणि सगळं अंग वळणात जायला ओढ घेत असताना खांबासारखाच ताठ उभा राहिला. कपाळावर घाम आला होता त्याच्या.

खालून एक बाग गेली, एक शाळा गेली.

"मी म्हणालो होतो त्यांना..." त्यानं सुरुवात केली.

"गप. करार आहे तुझा." मग ती हळूच म्हणाली, "गाडीची मागची बाजू जरा उचलून घ्यायला सांग. वजन पुढच्या चाकावर येईल. खांदा मोकळा होईल तुझा."

राजसचे डोळे भरले. थँक्यू म्हणायलासुद्धा बंदी आहे की काय, अशा चेहऱ्यानं तो बघत राहिला. शेवटी धीर करून म्हणाला, "आणि वळणातून बाहेर पडताना, ताई?"

"ताठ उभा राहिलास त्याचं एक औषध. दुसरं पगारावर मिळतं."

तिचं स्टेशन पुन्हा आलं. या वेळी ती उतरली, आणि फलाटावर उभ्या उभ्याच पाया लेबारला हो कळवून टाकलं.

मान वर केली तेव्हा गाडी वळणाशी पोचली होती. काचेत राजस झुकला; वेळेवर, मोकळ्या खांद्यानं. फलाटावर स्नेहलही नकळत तेवढीच कलली. मग वळण संपलं. त्याचं मनगट वळलं, थांबलं, पुन्हा वळलं.

तिला हसू आलं. गाडी इमारतींमागे गेली.