टॉवेलवालीची जागा

सायो गेल्याचं मला कळलं तेव्हा मी न्हाणीघरातला नळ खोलून बसलो होतो. मंगळवार होता, नोव्हेंबरातला शेवटचा. दातांच्या दवाखान्यातून फोन आला. तुमच्या मिसेस बाकावर बसल्या होत्या, नाव पुकारलं तर उठल्या नाहीत, असं ती मुलगी म्हणाली. मी हातातल्या पान्यासकट निघालो. इस्पितळात पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला. पाना कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून कोटाच्या खिशात टाकला.

नर्सने एक पिशवी आणून दिली. बूट, चष्मा, हातमोजे, फोन. मी ती मांडीवर घेऊन बसलो. बरोबर तीन वाजता पिशवीतला फोन थरथरला. काचेवर अक्षरं आली: ‘टॉवेलवाली, टेबलावर चौघे तुमची वाट पाहत आहेत.’ मी ते दोनदा वाचलं. कुठल्यातरी हॉटेलचा निरोप चुकून आला असेल असं वाटलं. फोन परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो पुन्हा थरथरला. तिसऱ्या दिवशी दहन करून आम्ही घरी आलो, अस्थींचा डबा पांढऱ्या कापडात गुंडाळून फडताळावर ठेवला, तेव्हाही थरथरला. नंतर मला तीन वाजायची सवयच झाली.

बाराव्या दिवशी इसामु आला. इसामु म्हणजे सायोचा धाकटा भाऊ. समोरच्या बेटावर त्याची संत्र्यांची बाग आहे. पुलावरून छोटा ट्रक घेऊन येतो आणि दर वेळी दोन माणसांना न संपणारी संत्री आणतो. त्या दिवशीही पेटी आणली. मी एकटाच आहे हे त्याला पेटी खाली ठेवल्यावर आठवलं.

मी फोन त्याच्यापुढे धरला. “हे काय आहे रे? रोज येतं.”

त्याने बघितलं आणि मान खाली घातली. “दाजी, हा पोकर आहे. ताईचं टेबल.”

“सायो पोकर खेळायची?”

“सहा वर्षं. मीच घालून दिला होता तिच्या फोनवर. मी दोन आठवड्यांत सगळं हरून बंद केला, ताई चिकटली. तुम्हाला माहीत नव्हतं?”

पत्ते आहेत एवढं माहीत होतं. दुपारी तीन ते चार ती सोयसॉसच्या बाटलीला फोन टेकवून बसायची. त्या वेळी मी बंदरापर्यंत चक्कर मारायला जायचो. एकेचाळीस वर्षं मी टॉवेलच्या गिरणीत माग दुरुस्त केले. यंत्राजवळ माणूस बसलेला असला की मध्ये बोलायचं नाही ही सवय. मी कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही.

“पैसे लावून?” मी विचारलं.

“छे हो. फुकटच्या चकत्या. रोज सकाळी कंपनीच मूठभर देते. हरला तर परत मिळतात. आपल्याकडे पैसे लावून खेळायला बंदी आहे ना.”

सगळ्यांना कळवून झालं होतं. गिरणीतले लोक, गल्ली, तिचा शिवणाचा वर्ग. या वर्षी आमच्याकडे सुतक आहे, नववर्षाची शुभेच्छापत्रं पाठवू नयेत, अशी कार्डं छापून टपालात टाकली होती. या चौघांचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

“यांना सांगायला हवं,” मी म्हणालो. “आत लिहिता येतं का काही?”

“नाही. म्हातारे हरले की शिव्या देतात, म्हणून बोलणं बंदच ठेवलंय. फक्त सहा बटणं आहेत.” त्याने एकेक दाखवलं. शाब्बास. धन्यवाद. माफ करा. हरकत नाही. जरा लवकर. उद्या भेटू.

मी ती सहाही बटणं पुन्हा वाचली.

“यात नाही बसत,” इसामु म्हणाला. “आणि चौदा दिवस कोणी खेळलं नाही तर जागा दुसऱ्याला देतात. उद्या-परवा ताईची जाईल.”

“मग मला शिकव.”

“तुम्हाला? दाजी, तुम्ही लग्नात सोंगट्या खेळताना माझ्या आजीकडून हरला होतात. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.”

“शिकव म्हटलं ना.”

त्याने खरे पत्ते काढले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. प्रत्येकाला दोन पानं, लपवलेली. मध्ये पाच पानं, सगळ्यांना दिसणारी, पण एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून त्यातली सर्वांत चांगली पाच धरायची. मधे मधे चकत्या टाकायच्या. पान चांगलं असेल तर वाढवायचं, बरं असेल तर दुसऱ्याएवढं टाकायचं, वाईट असेल तर पॅक. पॅक केलं की त्या डावापुरते आपण बाहेर.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच. माणसं यात आयुष्य घालवतात.”

तीन वाजले. त्याने फोन बाटलीला टेकवला. हिरवं टेबल उघडलं. पाच खुर्च्या, एकीवर ‘टॉवेलवाली’. नावाशेजारी आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर वाळत असलेला एक टॉवेल, फोटोत. गिरणीतून मला निवृत्तीला मिळालेला, निळ्या काठाचा. बाकीचे चौघे: होक्काइदो बटाटा, तीन मांजरं, निवृत्त घोडा, आणि आजोबा क्रमांक दोन. मी बसताच चौघांच्या डोक्यावर एकामागून एक फुगा आला. धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.

“बारा दिवसांनी आली ना ती,” इसामु म्हणाला आणि उठून नाक शिंकरायला गेला.

मला पानं आली. सत्ती आणि दुर्री. ठरवायला पंधरा सेकंद असतात, एक पट्टी भराभर आखूड होत जाते. मला यंत्र थांबलेलं बघवत नाही. मी चकत्या टाकल्या. मध्ये एक सत्ती आली. मला जोडी मिळाली म्हणून मी पुन्हा टाकल्या. घोड्याने वाढवल्या, मी तेवढ्या टाकल्या. शेवटी घोड्याकडे राजाची जोडी निघाली.

“अहो दाजी! सत्ती-दुर्री! जगातला सर्वांत वाईट हात आहे तो. पॅक करायचा असतो.”

“पण सत्ती आली ना मध्ये.”

“म्हणून काय झालं? दुकानात शिरलात म्हणजे सगळंच विकत घेता का?”

पुढचे आठ दिवस मी एकटाच खेळलो. इसामुची तोडणी चालू होती. मी प्रत्येक डाव खेळायचो. पॅक केलं की नुसतं बसून बघत राहावं लागतं, ते मला जमत नव्हतं. सायोने साठवलेला चकत्यांचा ढीग घसरत गेला. मी वाईट खेळलो की बटाटा ‘हरकत नाही’ दाबायचा. किंवा दाबायची. बाई की बुवा, मला माहीत नाही. चार वाजता सगळे ‘उद्या भेटू’ दाबायचे. मीही दाबायचो. दाबायला मला काही वाटत नव्हतं. त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी तिच्या अस्थींपुढे भाताची वाटी ठेवायचो, उदबत्ती लावायचो, संध्याकाळी तो थंड भात मी खायचो.

विसाव्या दिवशी मी बसलो आणि एक खुर्ची ओळखू येईना. बटाट्याचं चित्र तेच होतं. खाली नाव मात्र वेगळं: ‘बरी आहेस ना’.

मी इसामुला फोन लावला. मागे कात्रीचा आवाज येत होता.

“नाव बदललंय,” तो म्हणाला. “बोलता येत नाही म्हणून नावात विचारलंय. हुशार आहे बटाटा. आठ अक्षरं बसतात. पण दाजी, महिन्यातून एकदाच बदलता येतं. आता तीस दिवस तो जिथे बसेल तिथे हेच नाव घेऊन बसणार. अनोळखी लोकांच्या टेबलावरसुद्धा.”

“मलाही बदलता येईल?”

“तुमचं कुठे बदललंय अजून. टाका की. ‘सायो वारली’. आठच्या आत बसतं.”

“त्यांना सायो कोण ते माहीत नाही. टॉवेलवाली माहीत आहे.”

“मग ‘ती वारली’ लिहा.”

त्याने सांगितलं तिथे मी गेलो. पांढऱ्या चौकटीत ‘टॉवेलवाली’ लिहिलेलं होतं. नवीन लिहायचं तर आधी ते पुसावं लागत होतं. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं की एकेक अक्षर जातं. ‘ली’ गेलं. ‘वा’ गेलं. मी फोन पालथा ठेवला. परत उचलला तेव्हा चौकटीत नाव पूर्ण होतं. वेळ संपली की ते आपोआप पहिल्यासारखं होतं.

दोन दिवसांनी गॅसवाल्याचा नंबर शोधताना मी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं, पाठकोरं. तिचं अक्षर.

‘अठ्ठीच्या जोडीपासून वर, खेळ. एक्का-राजा, एक्का-राणी, खेळ. बाकी टाक. कंटाळा आला तरी टाक. घोडा वाढवतो तेव्हा त्याच्याकडे असतं. मांजरं वाढवतात तेव्हा नसतं.’

मी ते पान उतरवलं नाही. दुपारी कपाटाचं दार उघडं ठेवून त्याच्याखाली खेळायला बसलो. पहिले अकरा डाव पॅक केले. नुसतं बसायचं आणि बघायचं. सायो रोज तासभर हेच करत होती, बहुतेक वेळ पॅक करून बसलेली. ते मला आता जमायला लागलं. बसून राहणं एवढंच मला येत होतं त्या महिन्यात.

बाराव्या डावाला दश्शीची जोडी आली. मध्ये दश्शी, चौकी, राणी. माझ्याकडे तीन दश्श्या झाल्या. मांजरांनी सगळ्या चकत्या आत सारल्या. कपाटावर लिहिलं होतं, मांजरांकडे नसतं. मीही सगळ्या सारल्या. मांजरांकडे नुसती राणीची जोडी निघाली.

शाब्बास, घोडा म्हणाला. शाब्बास, आजोबा. मांजरांनीही दाबलं. ‘बरी आहेस ना’ने तीनदा दाबलं.

त्यानंतर मी रोज पानाप्रमाणे खेळलो. ढीग परत वाढला. आता कुणी ‘हरकत नाही’ दाबत नव्हतं. डिसेंबर गेला. नववर्ष आम्ही केलं नाही. इसामुने सणाच्या राईस केकऐवजी संत्री आणली.

जानेवारीत एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. त्याआधी भिक्खू घरी आले होते. गेलेल्या माणसाला नवं नाव द्यायचं असतं, त्यासाठी ती कशी होती ते त्यांना ऐकायचं होतं. कपडे उन्हातच वाळले पाहिजेत असं तिचं म्हणणं असायचं, मी म्हणालो. काळ्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव आलं, त्यात ऊन हा शब्द होता. अस्थी त्या दिवशी पुरल्या. घरी येऊन मी तोवरच्या तात्पुरत्या पांढऱ्या पाटीच्या जागी काळी ठेवली.

“छान नाव आहे,” इसामु म्हणाला. मग टेबलावरच्या फोनकडे बघून म्हणाला, “भिक्खूंनी ताईचं नाव एका आठवड्यात बदललं. तुमचं एका महिन्यात होईना?”

“उद्या करतो.”

“हे मागच्या वेळीही म्हणालात. दाजी, तो बिचारा बटाटा नावात प्रश्न घेऊन फिरतोय.”

“माहीत आहे मला.”

“मी करू?”

“हात लावू नकोस.”

त्याने एक संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवलं, अर्धं पाटीपुढे.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी बसलो. टेबल उघडलं. समोर ‘होक्काइदो बटाटा’ बसलेला होता. तीस दिवस भरले होते. त्याने आपलं नाव परत घेतलं होतं. त्याला उत्तर मिळालं होतं. मी महिनाभर सायोसारखा खेळत होतो, त्यावरून त्याने ठरवलं की ती बरी आहे.

मी ‘माफ करा’ दाबलं. डाव अजून सुरूही झाला नव्हता. बटाट्याने ‘हरकत नाही’ दाबलं.

पानं आली. छक्की आणि तिर्री. मी पॅक केलं.

चार वाजता चौघांनी ‘उद्या भेटू’ दाबलं आणि मीही दाबलं. मग उठून न्हाणीघरातला नळ बसवला. पाना कोटाच्या खिशातच होता.

नळ आता गळत नाही. कपाटावरचं पान तसंच आहे. तिचे कपडे इसामुच्या बायकोने नेले. त्या चौघांना सांगायचं राहिलं आहे.