दोन विहिणींचा बदामी बूट

मी एक जुना, मेंढीच्या कातड्याचा बूट आहे. खरं तर आम्ही दोघं आहोत. पण उजवा पहिल्यापासून अबोल, म्हणून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे, म्हणजे डाव्याकडे आलं. बाहेरून मऊ कातडं, आतून दाट लोकर. पुण्याच्या हवेत आम्हाला कोण विचारणार? परदेशी जाणाऱ्यांसाठी गरम कपडे विकणाऱ्या एका दुकानात मी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या भावंडांशेजारी बसून होतो. माझा रंग बदामी.

मित्रांनो, एके दुपारी कोथरूडच्या रुपालीताई दुकानात आल्या. त्यांची लेक ऋतुजा टोरांटोला राहते. तिच्या बाळंतपणासाठी ऐन हिवाळ्यात आधी रुपालीताई जाणार होत्या आणि त्यांच्यानंतर ऋतुजाच्या सासूबाई, येरवड्याच्या शर्मिलाताई. दोघींच्या पायाचा नंबर एकच. म्हणून ऋतुजानं बजावलं होतं, "एकच जोड आणा. दोघींच्या सगळ्या कपड्यांवर जाईल असा रंग बघा."

सांगणं सोपं होतं. पण या विहिणींमध्ये लग्नापासून अढी होती, आणि तीही रंगावरूनच. रुपालीताईंनी आहेराची साडी ट्यूबलाइटच्या उजेडात जांभळी म्हणून घेतली आणि मांडवात ती चक्क काळी दिसली. शर्मिलाताईंनी घडीही न मोडता ती परत पाठवली. तेव्हापासून दोघी बोलायच्या त्या सणावारी, ऋतुजानं फोन लावून दिला तर. नातवंडाच्या घरी तरी हे मिटावं, एवढीच रुपालीताईंची इच्छा होती.

"काकू, ब्लॅक घ्या. कशावरही जातो," दुकानदार इंद्रजीत म्हणाला.

"काळा सोडून दाखवा."

त्यांनी पिशवीतून चार ब्लाउजपीस काढले आणि मॅचिंग सेंटरमध्ये धरतात तसे एकेक आमच्यावर धरून पाहिले. मग मला उचललं आणि थेट बाहेर उन्हात नेलं.

"अहो काकू, बूट आहेत ते. नेसायचे नाहीयेत," इंद्रजीत आतून म्हणाला.

रुपालीताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. थोडा वेळ घुटमळल्या आणि त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. "शर्मिलाताई, रंगाच्या बाबतीत माझा स्वतःवर भरवसा राहिला नाही. तुम्हीच येता का?"

अर्ध्या तासात शर्मिलाताई रिक्षानं आल्या. त्यांनीही मला उन्हात फिरवून पाहिलं. "हा बदामी बरा आहे," एवढंच म्हणाल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

टोरांटोच्या बर्फात मी मन लावून राबलो. औषधं आणायला, दूध आणायला, बाळाला डॉक्टरांकडे न्यायला मीच. नऊवार असो की सलवार, मी सगळ्यावर शोभलो. लिफ्टमधल्या अनोळखी बायका माझं कौतुक करायच्या.

शर्मिलाताई पोचायच्या आदल्या दिवशी मात्र घात झाला. वापरलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तर धुऊनच द्यायची, ही रुपालीताईंची शिस्त. त्यांनी आम्हाला साबणाच्या गरम पाण्यात बुडवलं, खसाखसा घासलं आणि हीटरला टेकवून ठेवलं. मित्रांनो, कातड्याला याहून मोठी शिक्षा नाही. वाळेपर्यंत मी पापडासारखा कडक झालो. अंगावर कुठे बदामी, कुठे पिवळट, कुठे काळपट तपकिरी डाग.

रुपालीताई रडकुंडीला आल्या. "पुन्हा रंगच नडला गं मला," त्या ऋतुजाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला विहीणबाईंसमोर ठेवलं आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. ऋतुजा बाळाला थोपटत उभी होती. शर्मिलाताईंनी मला खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं. आता मीही परत जाणार, असं मला वाटलं. मला फार भीती वाटली.

पण त्यांनी रुपालीताईंच्या खांद्याचा आधार घेतला आणि जोर लावून पाय माझ्यात सरकवला.

"एकाचे तीन रंग केलेत तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता खरंच कशावरही जाईल. आणि आतून गरम आहे हो अजून."

रुपालीताई हसल्या आणि हसता हसता रडल्या. त्यांचा हात विहीणबाईंनी बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आम्हाला पाण्यात बुडवू नका, हीटरजवळ वाळवू नका. कोरडा ब्रश आणि थोडी सावली आम्हाला पुरते. आणि एवढं करूनही एखादा जोड डागाळलाच, तर टाकून देण्याआधी एकदा आत पाय घालून बघा.